करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा शांत, मग पेडण्याचा दीड किलोमीटरचाच का त्रास देतो?

कुडाळकर_डोंबिवली

मी मूळ कुडाळचा, नोकरीमुळे डोंबिवलीत. मे महिन्यात आणि चतुर्थीला कोकण रेल्वेने गावी जाणं ठरलेलं. मुलगा नऊ वर्षांचा आहे. रोहा सुटलं की तो वही काढून बसतो आणि प्रत्येक बोगद्याला एक रेघ मारतो, पाच-पाचच्या जुड्या करून. चिपळूणच्या पुढे कधीतरी झोप लागते आणि मोजणी चुकते, मग परतीच्या प्रवासात पुन्हा पहिल्यापासून.

२०२४ च्या जुलैत आम्ही आत्याकडे मडगावला निघालो होतो. गोव्यातल्या पेडण्याच्या बोगद्यात पाणी आणि गाळ आल्यामुळे गाड्या बंद होत्या, म्हणून सावंतवाडीहून पुढे एसटीने गेलो. एसटीत पोराने विचारलं, "बाबा, करबुड्याचा बोगदा एवढा मोठा आहे, तो का नाही बिघडत? हा छोटा का बिघडतो?" मला काही सांगता आलं नाही. २०२० च्या ऑगस्टमध्येही ह्याच बोगद्याची भिंत कोसळली होती, एवढं मात्र आठवत होतं.

माझा स्वतःचाही एक प्रश्न आहे. डोंगर एवढा त्रास देत असेल तर रस्त्यासारखे वळसे घेऊन गाडी वरून का नेली नाही? किंवा सरळ डोंगर कापून वाट का काढली नाही? प्रत्यक्ष कामावर असलेलं कोणी इथे असेल तर सविस्तर लिहा. पोराला वाचून दाखवणार आहे.

रेल्वेवेडा_मिरज

थोडे आकडे देतो, वहीत लिहायला उपयोगी पडतील. रोहा ते मंगळूरजवळचं ठोकूर, सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग. त्यात ९१ बोगदे, सगळे मिळून साधारण ८४ किलोमीटर. करबुडे ६.५ किलोमीटर, उक्षी आणि भोके ह्या स्टेशनांच्या मधे. २०१३ मध्ये काश्मीरला पीर पंजालचा ११.२ किलोमीटरचा बोगदा सुरू होईपर्यंत रेल्वेचा देशातला सर्वांत लांब बोगदा हाच होता.

पेडण्याचं कारण एका ओळीत सांगायचं तर तिथे कातळ नाही, माती आहे. पण त्या मातीत हात घातलेल्या माणसानेच ह्यावर लिहावं. सावर्ड्याचे काका इथे कधीमधी येतात, त्यांची वाट बघा.

सर्व्हेवाले_सावर्डे

आलो. उशीर झाला, भातलावणी चालू होती.

१९९१ ते ९६ मी कोकण रेल्वेच्या बोगद्यांवर सर्व्हेअर होतो, एका ठेकेदाराकडे. साडेतीन वर्षं रत्नागिरी जिल्ह्याच्या कातळात, आणि पुढे दीड वर्ष गोव्याच्या हद्दीत मातीच्या बोगद्यावर. त्यामुळे तुमच्या मुलाच्या प्रश्नाच्या दोन्ही बाजू मी पाहिल्या आहेत. नऊ वर्षांच्या पोराने नेमकी हीच गोष्ट पकडली ह्याचं मला कौतुक वाटतं. आमच्यातल्या कितीतरी जणांना ती काम सुरू झाल्यावर कळली.

आधी वळशाचं सांगतो. रस्त्यावरचा ट्रक घाट चढतो तसा आगगाडीला चढता येत नाही. लोखंडी रुळावर लोखंडी चाक, पकड ती किती असणार. बोरघाटात ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर चढ लागतो. चार हजार टनांची मालगाडी त्या चढावर असली की तिचं वजन तिला एकशे आठ टनांच्या जोराने मागे खेचतं. म्हणून कर्जतला गाडीच्या पाठीमागे बँकर इंजिनं लावतात, तेव्हा ती लोणावळ्याला पोचते. तो घाट १८५६ ला खोदायला घेतला आणि १८६३ ला त्यातून गाडी गेली. पंचवीस बोगदे. तेव्हा डायनामाइटचा शोधही लागला नव्हता. हातोडा, छिन्नी आणि साधी काळी दारू. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल आल्यावर थोड्याच काळात वारला आणि त्याची बायको ॲलिस हिने ते काम पुढे तडीस नेलं. खंडाळ्यावरून जाताना मला दर वेळी त्या बाईची आठवण येते.

कोकण रेल्वेत तेव्हाचे प्रमुख श्रीधरनसाहेब, त्यांच्या लोकांनी चढ ठेवला १५० ला १. तीच चार हजार टनांची गाडी इथे मागे ओढली जाते सत्तावीस टनांनी. बँकरची गरज नाही, एक इंजिन बारा महिने गाडी नेतं. पण हा सपाटपणा फुकट मिळत नाही. नकाशा उघडून बघा. सह्याद्रीच्या सोंडा पूर्वेकडून पश्चिमेला समुद्रापर्यंत उतरतात आणि दोन सोंडांच्या मधे नदी नाहीतर खाडी. आपली लाईन जाते उत्तर-दक्षिण, म्हणजे सगळ्या सोंडांना आडवी. सोंड आली की बोगदा, घळ आली की पूल. टिक्याचा चार किलोमीटरचा बोगदा आणि पानवलचा ६४ मीटर उंच पूल रत्नागिरी आणि निवसर ह्या लागोपाठच्या दोन स्टेशनांमध्येच आहेत, ते ह्यामुळे.

डोंगर कापायचं म्हणाल, तर जिथे उंची कमी होती तिथे कापलेच आहेत. ह्या मार्गावर सगळ्यात जास्त भीती त्या कापलेल्या जागांचीच. २२ जून २००३ ला वैभववाडीजवळ गाडी दरडीवर आदळली आणि पन्नासहून जास्त माणसं गेली. ती दरड बोगद्याच्या आत पडली नव्हती, तोंडाशी कटिंगमध्ये आली होती. उघडी कापलेली भिंत दर पावसाळ्यात भिजते, उन्हाळ्यात तडकते, आणि तिच्या डोक्यावर कोणाचा हात नसतो. चांगल्या कातळातला बोगदा त्या मानाने सुरक्षित घर आहे.

आता कातळातलं काम कसं चालतं ते. समोरच्या भिंतीला आम्ही फेस म्हणायचो. मी पहाटे आत जाऊन फेसवर रंगाने मधली रेघ आणि कमानीचा आकार काढून द्यायचो. मग ड्रिलिंगवाले त्यात सत्तर-ऐंशी भोकं पाडत, तीन मीटरभर खोल. दारू भरायची तीही क्रमाने. आधी मधली भोकं उडतात, मधे पोकळी होते, मग बाहेरची त्या पोकळीत कोसळतात, आणि सगळ्यात शेवटी कडेची, त्यांत दारू कमी, म्हणजे कमानीला इजा पोचत नाही. हे सगळं दोन-चार सेकंदांत. बाहेर उभ्या माणसाला एकच लांबलेला गडगडाट ऐकू येतो आणि पायाखालून तो जाणवतो.

त्यानंतरचं काम मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. धूर पंख्याने बाहेर काढला की दोन माणसं लांब पहारी घेऊन आत जात. डोक्यावरचा कातळ ठोकत ठोकत पुढे सरकायचं. टण् असा आवाज आला की दगड पक्का. भद्द आवाज आला की तो मागून सुटलेला आहे, तो पहारीने उचकटून खाली पाडायचा आणि मगच बाकीच्यांना आत सोडायचं. आमच्याकडे बिहारकडचे एक वयस्क मिस्त्री होते, ते ठोकताना डोळे मिटायचे. मी विचारलं तर म्हणाले, आँख झूठ बोलती है. त्यांच्या पाळीत आमचा एकही माणूस दगडाखाली सापडला नाही.

दगड उपसून झाले की पुन्हा माझी रेघ. चोवीस तासांत एक नाहीतर दोन स्फोट, म्हणजे चांगल्या दिवशी सहा मीटर. दोन्ही तोंडांकडून काम चालायचं. भेट व्हायच्या आधीच्या आठवड्यात मला झोप नव्हती. मोजमापात चूक झाली तर दोन बोगदे एकमेकांच्या बाजूने निघून जातात, हे भय सर्व्हेअरच्या पोटात कायम असतं. रात्री दोनला शेवटचा स्फोट झाला, धूर निवला, आणि पलीकडून कोणीतरी बॅटरी मारली. मी छताच्या खुंटीला ओळंबा सोडला. मधली रेघ बोटभर चुकली होती, जास्त नाही. तिथेच दगडावर बसलो आणि बराच वेळ उठलो नाही.

हा झाला कातळ. तो कठीण असतो, वेळ घेतो, पण स्वतःला धरून उभा राहतो. रत्नागिरीच्या कातळात लाव्हाच्या दोन थरांमध्ये गेरूसारखा लाल मातीचा पट्टा लागतो, तिथून पाणी झिरपतं. तेवढीच काळजी. करबुडं शांत आहे त्याचं कारण हे.

गोव्याकडे सरकलं की वर जांभा. जांभा म्हणजे चाळण, पाऊस पडला की सगळा आत. त्या जांभ्याखाली पिवळट-पांढरी मऊ माती लागते, हातात घेतली तर ओल्या साबणासारखी. पाणी तिच्यापर्यंत येतं आणि तिथेच मुरून बसतं. आमच्या बोगद्यावर विहिरी होत्या, त्यांचं पाणी उन्हाळ्यातसुद्धा बोगद्याच्या छताच्या वरच्या पातळीला असायचं. म्हणजे भरलेल्या हौदाच्या तळाला भोक पाडून आपण आत शिरत होतो.

अशा मातीत दारू चालत नाही, मशीनही फारसं चालत नाही. छताच्या कडेने पुढे लोखंडी पाइप ठोकायचे, त्यांच्या आधाराखाली कुदळ-फावड्याने हातभर माती काढायची, लगेच लोखंडी कमान उभी करायची, मागे पत्रे-फळ्या भरायच्या आणि वरून काँक्रीट फवारायचं. दिवसभराच्या कामानंतर अर्धा मीटर पुढे गेलो तर संध्याकाळी सगळे खूश असायचे. कातळातून आलेल्या आम्हाला सुरुवातीला हे पटायचंच नाही.

एका आगोटीला, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाला, मिरग लागून आठवडा झाला असेल, मी मागच्या कमानींच्या खुणा तपासत होतो. आदल्या दिवशी जुळलेली खूण दोन बोटं खाली आलेली दिसली. वाटलं, माझंच वाचन चुकलं. पुन्हा लावलं, तेच. तेवढ्यात छताच्या काँक्रीटचे पापुद्रे खांद्यावर पडायला लागले, कुरमुऱ्यासारखा बारीक आवाज. मी ओरडलो, सगळे अकरा जण पळत बाहेर आले. पाऊण तासाने आत आठ-नऊ मीटर लांबीची माती बसली. वरच्या काजूच्या बागेत मोठा खड्डा पडला आणि त्यात दोन झाडं उभीच्या उभी गेली. तेवढं अंतर परत मिळवायला आम्हाला अख्खा पावसाळा लागला. आम्ही अकरा वाचलो. सगळे वाचले नाहीत. ह्या लाईनच्या कामात एकूण ७४ माणसं गेली, आणि त्यांतली एकोणीस अशा मऊ मातीत. रत्नागिरी स्टेशनवर त्यांचं स्मारक आहे. गाडी थांबते तेव्हा मुलाला दाखवा.

ह्या मार्गावर असे मऊ मातीचे नऊ बोगदे आहेत, पेडणं त्यांतलंच. आता तुमचा खरा प्रश्न, बांधून झाल्यावर इतक्या वर्षांनीही त्रास का? काँक्रीटचं अस्तर माती अडवतं, पण पाणी कुठे जाणार? ते अस्तराच्या मागे उभं राहतं आणि वाट शोधतं. त्याला वाट काढून द्यायला भोकं आणि गटारं ठेवलेली असतात. पाण्याबरोबर बारीक माती वाहत आली की ती बुजत जातात, मागे दाब वाढतो, आणि एखाद्या जुलैत तो भिंतीतून नाहीतर रुळांखालून बाहेर पडतो. म्हणून माझं सांगणं असतं, मातीतला बोगदा उद्घाटनाच्या दिवशी पूर्ण होत नाही, त्याची दर आगोटीला नव्याने तयारी करावी लागते. गटारं साफ, भोकं मोकळी, वरच्या डोंगरावरचे पऱ्ये, म्हणजे ओढे, वळवलेले. ही कामं करणारा ट्रॅकमन पावसात रात्री बॅटरी घेऊन बोगद्यातून चालत जातो. प्रवाशांना तो दिसत नाही. पावसाळी वेळापत्रकात गाडी हळू चालते म्हणून लोक चिडतात, त्यांनी त्या माणसाचा विचार करावा अशी माझी मनापासून विनंती आहे.

ट्रकवाला_कराड

काका, तुमचं वाचून अंगावर काटा आला. मी बोगद्याचा दुसरा अनुभव सांगतो. कोकण रेल्वेने १९९९ च्या जानेवारीत रो-रो चालू केली, कोलाडहून गोव्यात वेर्ण्यापर्यंत. ट्रक भरलेला तसाच सपाट वाघिणीवर चढवायचा, चाकांना ठोकळ्याची ओटण लावायची, साखळ्यांनी आवळायचा, आणि ड्रायव्हर-क्लीनरने आपल्याच केबिनमध्ये बसून राहायचं. मी त्यावरून बऱ्याच खेपा केल्या, पुढे सुरतकलपर्यंतही गेलो.

पहिल्या खेपेला करबुडे लागला तेव्हा रात्र होती. रात्रीच्या अंधारातसुद्धा बोगद्याचा अंधार वेगळा कळतो. बाहेर काहीतरी दिसत असतं, झाड, दिवा, आभाळ. आत गेल्यावर समोरच्या ट्रकचं मागचं फाळकंसुद्धा दिसेना. तेव्हा डिझेल इंजिन होतं, धूर केबिनमध्ये यायचा. काचा बंद करून ओला पंचा तोंडाला लावून आम्ही दोघं बसलो. हात आपोआप स्टिअरिंगवर गेले होते, बाहेर आल्यावर लक्षात आलं. गाडी मी चालवतच नव्हतो.

२०२२ ला सगळ्या मार्गावर विजेच्या तारा आल्या. धूर गेला, पण आता मालाची उंची फार काटेकोर मोजतात आणि ताडपत्री ठीक करायला वर चढायला सक्त मनाई आहे. ते बरोबरच आहे. तरी हायवेवर परशुराम, भोस्ते अशा घाटांतून भरलेला ट्रक पावसात काढायचा आणि टायर-ब्रेक झिजवायचे, त्यापेक्षा केबिनमध्ये झोपून पोचणं कधीही चांगलं. घरी बायको-पोरांना झोप लागायची मी रो-रोवर असलो की.

कुडाळकर_डोंबिवली

काका, काल रात्री पोराला सगळं वाचून दाखवलं. टण् आणि भद्द हे त्याला फार आवडलं, सकाळपासून घरातल्या सगळ्या भिंती ठोकून बघतोय. न्हाणीघराची एक फरशी भद्द निघाली, ती खरंच सुटलेली आहे.

अजून एक विचारतो. कोल्हापूर-वैभववाडी रेल्वे २०१६ च्या अर्थसंकल्पात आली तेव्हापासून गावात नुसती चर्चा आहे. आमच्याकडचा आंबा-काजू आणि बंदराचा माल थेट घाटावर जाईल म्हणतात. ती झाली तर तिथे कातळ लागेल की माती?

सर्व्हेवाले_सावर्डे

फरशी बसवून घ्या, पाणी मुरत असेल.

कोल्हापूर-वैभववाडीचं सर्व्हेचं काम मी केलेलं नाही, त्यामुळे किती बोगदे आणि कुठे ह्यावर बोलणार नाही. पण साधा हिशोब सांगतो. कोल्हापूर आणि वैभववाडी ह्यांच्या उंचीत साडेचारशे-पाचशे मीटरचा फरक आहे. मालगाडीला बँकर लावायचा नसेल तर चढ १०० ला १ च्या आसपास हवा. म्हणजे नुसतं खाली उतरायलाच पंचेचाळीस-पन्नास किलोमीटर लांबी पाहिजे, आणि गगनबावड्याचा कडा तर काही किलोमीटरांतच कोसळतो. तेव्हा ती लाईन डोंगराच्या पोटातून हळूहळू उतरत आणावी लागणार, दुसरा मार्ग नाही. घाटाचा गाभा आपल्या ओळखीच्या काळ्या कातळाचा. वर पठारावर मात्र जांभा आहे, आणि गगनबावड्याचा पाऊस तुम्हाला मी सांगायला नको. बोगद्याची तोंडं कुठे ठेवतात त्यावर बरंच ठरेल. सर्व्हे करणाऱ्या पोरांनी एक अख्खा पावसाळा तिथे राहून सगळे पऱ्ये आणि विहिरी मोजाव्यात. उन्हाळ्यात डोंगर खरं सांगत नाही.

मुलाला पुढच्या खेपेला एक काम द्या. उक्षी सोडलं की करबुड्याच्या तोंडाजवळच्या भिंतीचा रंग बघायचा आणि वहीत लिहायचा. मग पेडण्याच्या अलीकडे, मडुरे गेलं की पुन्हा बघायचं. एकीकडे काळा दिसेल, दुसरीकडे लाल. चिपळूणनंतर झोपू मात्र नको म्हणावं. आणि सावर्डे स्टेशनात गाडी थांबणार असेल तर मला आधी कळवा, मी येईन फलाटावर. माझा जुना ओळंबा अजून घरी आहे, तो त्याला हातात घेऊन बघू दे.